जुनी फरशी, जुनें लाकूड

प्रवरेच्या कांठीं, आमच्या नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर, डॉ. हसमुख सांकळिया यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन केलें. त्यांत तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या घरांच्या, चोपलेल्या मातीवर चुना दिलेल्या जमिनी निघाल्या. लाकडी खांब मात्र कुजून गेले होते. त्यांच्या खळग्याच उरल्या. माती टिकते, लाकूड राखावें लागतें, हा धडा आम्हीं तेथूनच घ्यावा.

पुढें १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढिला. तेथें फरशीच्या लाद्याही होऊं लागल्या. अशा भाजक्या मातीच्या फरशींतील फुटकी लादी तेवढीच काढावी, नवी भिजवून चुन्यांत बसवावी, आणि पुरती सुकल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. बांकांचें लाकूड काचकागदानें हलकेंच घासून त्यास तेल व मेण लावावें. तेलाच्या चिंध्या पसरून वाळवाव्या. ढीग केल्यास त्या आपोआप पेट घेतात.

नवी लादी आरंभीं डोळ्यांत खुपते, परंतु पावलांच्या वर्दळीनें ती जुन्यांत मिसळते. महोत्सवाच्या वर्षीं सर्वच उखडून टाकण्याचा मोह होतो. आमची विनंति इतकीच कीं, वाडवडिलांच्या गुडघ्यांनीं पडलेली झीज आपल्या हातून पुसली जाऊं नये.