गोंदण, दंडात्मक
गोंदण, दंडात्मक : गुन्हेगाराच्या कपाळावर सुईने टोचून, रंगद्रव्य भरून अक्षरे उमटविण्याची शिक्षा. उत्तर भारतात गोंदणास ‘गोदना’ म्हणतात. या शिक्षेसही तेच नाव पडले. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १७९७ च्या विनियमान्वये जन्मठेपेच्या कैद्यांसाठी ती विहित केली. कैद्याचे नाव, गुन्हा, शिक्षेची तारीख इ. तपशील देशी लिपीत गोंदीत. पळालेला कैदी ओळखता यावा, हा तिचा एक हेतू होता.

स्त्रिया हौसेने गोंदवून घेत, ते सौभाग्याचे व मृत्यूनंतरही सोबत येणारे लेणे मानले जाई. येथे तंत्र तेच. परंतु वेदना लादलेली व खूण कलंकाची. गोंदण पुसता येत नसल्याने निरपराध ठरलेल्यासही त्यातून सुटका नव्हती. काही कैदी केस वाढवून वा पागोटे बांधून ते झाकीत. १८४९ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. पुढे कैद्यांची ओळख पटविण्यासाठी बोटांचे ठसे घेण्यात येऊ लागले व १८९७ मध्ये कलकत्त्यास ठसे-कार्यालय निघाले. त्यामुळे शरीरावर नवी खूण न करताही व्यक्तीची ओळख पटविणे शक्य झाले.