उंबराखालचा वर्ग

तुमचं वय सात करा. मोबाइल घरीच ठेवा, साल १९८७ आहे. मिरगाचा पाऊस दोन दिवस झोडपून आत्ता कुठं उघडलाय. कोल्हापुरातल्या गटारी भरून वाहतायत, दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली चिखल उडवत चालल्यात, आणि आईनं डोक्यावर पोत्याची खोळ घालून तुम्हाला शाळेला धाडलंय. शाळेचं नाव सृजन आनंद विद्यालय. सुरू होऊन दोनच वर्षं झालीत. शेजारच्या काकू तुमच्या आईला विचारतात, "पोरगं शाळंतनं बाहेरच हिंडतंय म्हणं. शिकतंय कवा?"

काकूंना उत्तर द्यायचं तर तुमच्याबरोबर वर्गात बसायला हवं. हा वर्ग मी कुणाच्या रोजनिशीतून उचललेला नाही. झाड, फळ आणि तुमच्या शेजारी बसलेला पोरगा माझे. पद्धत मात्र ही शाळा सुरू करणाऱ्या लीलाताई पाटलांची. परिसर हेच पुस्तक, अनुभव आधी आणि व्याख्या नंतर, आणि शिकणं मुलाच्या स्वतःच्या भाषेतून, हे त्या आयुष्यभर शिक्षकांना सांगत आल्या.

तर वर्ग आज उंबराखाली भरलाय. ओल्या मातीवर लालसर फळांचा सडा पडलाय, तुडवलेल्या फळांचा आंबूसगोड वास नाकात बसतोय. शेजारचा पोरगा एक फळ दाबतो आणि ओरडतो, "ताई, ह्यात किडं हायती!" पोरं हसतात. ताई 'हायती'चं 'आहेत' करायला लावत नाहीत. खाली बसतात आणि विचारतात, "किती आहेत? सगळ्यांना पंख आहेत का?"

आता तुम्हीही उकिडवे बसा. झाडावरचं फळ तोडायचं नाही. औदुंबरात दत्त असतो, नरसोबाच्या वाडीला गेल्यावर आपण त्याला प्रदक्षिणा घालतो, असं आजीनं बजावलंय. ताईंना ते ठाऊक आहे. आजीच्या सांगण्याला त्या धक्का लावत नाहीत. खाली पडलेली फळं भरपूर आहेत. त्यातलं एक नखानं फोडा. आतून भुरुभुरु केंबरं उडतात. काही बाहेर येत नाहीत, आतच वळवळतात, त्यांना पंखच नाहीत. भिंग धरा. आतल्या बाजूला दाटीवाटीनं चिकटलेले बारीक दाणे दिसतात. फळाच्या टोकाला एक भोक आहे. एवढंसं भोक कुणी पाडलं?

ताई उत्तर देत नाहीत. हे तुम्हाला फार छळतं. घरी जाऊन आजीला विचारता, तर ती म्हणते, "उंबराचं फूल कुणाला दिसत न्हाई बाळा. ज्याला दिसलं त्याचं भाग्य उजळलं." दुसऱ्या दिवशी तुम्ही हेच वर्गात सांगता, आणि ताईंचा चेहरा खुलतो. आजीच्या वाक्यानं धडा पुढं सरकलाय. फूल दिसत नाही म्हणजे ते नसतं, की असूनही दिसत नाही? मग वेगवेगळ्या आकाराची, हिरवी, पिवळट, लाल फळं गोळा होतात, फोडली जातात, वहीत चित्रं निघतात. आणि पुढच्या काही दिवसांत तुमचं तुम्हालाच उमगतं की ते दाणे म्हणजेच फुलं. शेकडो फुलं, सगळी आतल्या अंगाला. केंबराची मादी टोकाच्या भोकातून आत शिरते, अंगावरचा पराग फुलांना लावते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या पिल्लांतले बिनपंखी नर बाहेरची वाट पोखरतात, आणि पंखवाल्या माद्या नवा पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडं उडून जातात. केंबरं नसतील तर उंबराला बी धरत नाही. उंबर नसेल तर केंबरांचा वंश संपतो.

वहीत तुम्ही लिहिता: 'उंबर म्हणजे फुलांचं बंद घर. त्याला एकच दार आहे.' हे वाक्य कुठल्या पुस्तकात नाही. ते तुमचं आहे. त्यात विज्ञान आहे, भाषा आहे, मोजदाद करताना गणितही झालंय. शेजारच्या काकूंना हेच उत्तर.

आता मागं चला. वर्षं सरकवा, थेट १९३० च्या दशकात. भवानी मंडपाजवळच्या राजाराम कॉलेजच्या दगडी इमारतीत उभे राहा. तर्कशास्त्राचे प्राध्यापक ना. सी. फडके नुकतेच आत गेलेत. महाराष्ट्रभर त्यांच्या कादंबऱ्यांवर उड्या पडतायत. १९२७ साली जन्मलेली लीला ही त्यांचीच मुलगी. गावात प्रभात कंपनीचे चित्रपट घडून गेलेत, थोड्याच वर्षांत कादंबरीकार वि. स. खांडेकर इथं राहायला येतील. एवढ्या मोठ्या लेखकाच्या मुलीनं कथा-कादंबरी लिहायला घेतली असती तर कुणालाच नवल वाटलं नसतं. तिनं पुढं भरपूर लिहिलं, पण ते मुलांबद्दल आणि शिक्षकांबद्दल. वडिलांची कीर्ती बाजूला ठेवून तिनं आपली वाट धरली, याचं मला फार मोल वाटतं.

आणखी मागं. १९१८. पंचगंगेकाठचं चिखली गाव. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती इथल्या पाण्यात मिसळतात, पाचवी सरस्वती गुप्त समजतात. तुम्ही शेतात ढोरांमागं असता आणि बाप येऊन म्हणतो, "चल, शाळंत." शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलंय, आणि पोर शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड आहे. या योजनेतली शाळा पहिल्यांदा चिखलीत उघडली. तुम्ही त्या शाळेच्या पहिल्या फळीत बसलाय. जवळच नदी वाहते, पण शाळेत नदीचं नाव पाटीवर गिरवायचं असतं. शाळेनं पोराला शेतातून आत आणलं, हे फार मोठं काम होतं. त्या पोराला पुन्हा बाहेर, झाडाखाली न्यायचं काम पुढच्या माणसांसाठी उरलं.

आणि आता १८९५. इथं तुम्ही मुलगी आहात. डोक्याला भरपूर तेल, घट्ट वेणी, हातात पाटी. शाळेत जाणारी मुलगी दिसली की वाड्यांच्या खिडक्यांतून डोळे मागं लागतात. पण आज शाळेत वेगळीच हवा आहे. संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाची देखरेख आजवर मिस लिटल नावाच्या मडमेकडं होती. त्या गेल्या, आणि शाहू महाराजांनी त्यांच्या जागी रखमाबाई केळवकरांना नेमलं. लुगड्यातल्या, आपल्या भाषेत बोलणाऱ्या बाई खुर्चीवर बसल्यात. रखमाबाई शिक्षिका होत्या तशा आईही होत्या. त्यांची लेक कृष्णाबाई शिकायला पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेली, पुढं मुंबईच्या ग्रँट मेडिकलमध्ये डॉक्टर झाली, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायाबापड्यांवर उपचार करू लागली. आज त्या दवाखान्याला आपण सीपीआर म्हणतो.

पोटच्या पोरीला त्या काळात एवढ्या लांब धाडणारी आई शाळेतल्या इतरांच्या पोरींकडं कसं बघत असेल, याचा विचार करा. लेकीला उंबऱ्याबाहेर जाऊ देणं हे मला आईपणातलं सर्वांत मोठं औदार्य वाटतं. भाकरी सगळ्याच आया देतात. वाट देणारी विरळा. रखमाबाईंनी लेकीला दिलेली वाट आणि लीलाताईंनी परक्या पोरांना दाखवलेलं झाड, या दोन्हींत मला एकच माया दिसते. मुलाला आपल्याजवळ बांधून ठेवायचं नाही, त्याला जगाच्या हवाली करायचं, आणि मागं उभं राहायचं.

म्हणून आता १९८५ मध्ये परत या, शाळा सुरू होते त्या वर्षात. ताईंचं वय ५८. नोकरदार माणूस या वयाला पेन्शनचे कागद जुळवतो. ताईंची सारी हयात शिक्षक घडवण्यात गेली होती. वर्गात कसं शिकवावं हे त्यांनी कितीतरी जणांना सांगितलं. आता ते स्वतः करून दाखवायचं, आणि तेही मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत, असं त्यांनी ठरवलं. उरलेलं आयुष्य त्यांनी असं देऊन टाकलं. दान म्हटलं की आपल्याला पावती, फलक आणि फोटो आठवतो. वेळेच्या दानाची पावती नसते.

आणि शाळा त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. जे केलं, जे जमलं, जे फसलं, ते लिहून काढलं: 'प्रवास ध्यासाचा, आनंद सृजनाचा', 'अर्थपूर्ण आनंदशिक्षणासाठी', 'लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं'. एखाद्या खेड्यातला गुरुजी ही पुस्तकं उघडून उद्याचा तास घेऊ शकतो.

त्या एकट्याही नव्हत्या. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी पोरांना त्यांच्या अंगणात, झाडापेडांच्या सोबतीनं शिकवत आल्या होत्या. लीलाताईंची शाळा निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभं केलं. या बायकांची काम करायची ठिकाणं वेगळी, स्वभाव वेगळे. पण मूल म्हणजे भरायचं रिकामं भांडं, हे त्यांतल्या एकीनंही मानलं नाही. दिल्लीला हे कळायला वेळ लागला. दप्तराच्या ओझ्याबद्दलचा यशपाल समितीचा अहवाल १९९३ चा, आणि मुलाला भीतीविना, कृतीतून शिकता यावं असं म्हणणारा शिक्षणहक्क कायदा २००९ चा. तोवर उंबराखाली बसलेली पोरं मोठी होऊन कामालाही लागली होती.

आता तुमचं खरं वय परत घ्या. आज तुम्ही आई आहात, बाप आहात. मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर 'पर्यावरण प्रकल्प' असा निरोप आलाय. स्टेशनरीच्या दुकानात वडाचं, पिंपळाचं, उंबराचं छापील चित्र पाच-दहा रुपयांत मिळतं. ते कापायचं, चिकटवायचं, खाली माहिती उतरवायची. मार्क पूर्ण मिळतात. आणि मूल त्याच उंबराखालून, त्याच फळांवरून पाय देत घरी येतं. पालकांना मी दोष देत नाही, त्यांच्या मागं घाई लागलेली असते. पण अशा प्रकल्पानं मुलाचं नुकसान होतं, हे स्पष्ट सांगायलाच हवं. ज्यानं झाड कधी बघितलंच नाही, ते तोडलं जाताना त्याला काय तुटलं ते कळणार नाही. पंचगंगेचं पाणी २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली शहरात घुसलं. पाच नद्या कुठून येतात, पाऊस कुठल्या डोंगरात पडतो आणि पाण्याची जागा कुठं होती, हे पायी हिंडून शिकलेली पिढी या गावाला हवी आहे. ती चिकटवहीतून तयार होत नाही.

लीलाताई गेल्या १५ जून २०२० रोजी, कोल्हापुरातच, ९३ व्या वर्षी. एरवी महाराष्ट्रातल्या शाळा ज्या सुमाराला उघडतात ते हे दिवस. त्या वर्षी करोनामुळं सगळ्या शाळा बंद होत्या.

त्यांच्यासाठी काही करावंसं वाटलं तर पुतळ्याची वर्गणी काढू नका. त्यांची पुस्तकं मिळवा, तुमच्या गावच्या गुरुजींना आणि बाईंना वाचायला द्या. आणि येत्या रविवारी मुलाला घेऊन जवळच्या उंबराखाली जा. खाली पडलेलं एक फळ त्याच्या हातात द्या, आणि उत्तर सांगायची घाई करू नका.