टाकीचा चुलतभाऊ

मनालीहून लेहकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चंद्रा आणि भागा या दोन नद्या जेथे एकरूप होऊन पुढे चिनाब म्हणून वाहू लागतात, त्या टांडी गावी एक पेट्रोलपंप आहे. आणि यापुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याची वर्दी देणारा तेथील फलक हे, पुण्यामुंबईहून लडाखला मोटारसायकलीने जाणाऱ्या तरुणांच्या संग्रहातील एक अपरिहार्य छायाचित्र होऊन बसले आहे. त्या फलकापाशी हिशेब मांडल्यावाचून कोणालाही पुढे जाता येत नाही. साडेतेरा लिटरांची टाकी आणि लिटरमागे तीस किलोमीटर असे धरले, तर उत्तर ४०५ येते आणि कागदावर तरी मनुष्य सुखरूप लेहला पोहोचतो. परंतु बारालाचा, लाचुलुंग आणि तांगलांग या खिंडींवरची हवा विरळ, त्या हवेत जुन्या कार्ब्युरेटरचे हवा-पेट्रोलाचे प्रमाण बिघडून पेट्रोल अधिक जळणार, आणि चढाचा बराचसा मार्ग खालच्या गिअरांवर काढावयाचा. तेव्हा ४०५ चे ३६० केव्हा होतील याचा जामीन कोण राहणार? म्हणून मग सीटच्या बाजूच्या सांगाड्याला पाच लिटरांचा एक चपटा, चौकोनी, अंगावर फुलीची खोदीव रेघ असलेला कॅन बांधला जातो. या कॅनचे कूळ शोधावयास निघालो असता जी एक गोष्ट हाती लागली, ती मला इतकी विलक्षण वाटली की बाकीचा सारा इतिहास मी तिच्याभोवती मांडणार आहे.

मोटारसायकलीचा पल्ला वाढविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे टाकीच मोठी करणे, आणि त्या मार्गाचा वृत्तान्त थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. पॅरिस-डाकार शर्यतीने सहाराचे वाळवंट मोटारसायकलस्वारांना खुले केल्यानंतर यामाहाने १९८३ साली ३० लिटरांच्या टाकीची ‘तेनेरे’ काढली, आणि पुढच्याच वर्षी बीएमडब्ल्यूने आपल्या आर ८० जीएसवर ३२ लिटरांची टाकी चढविली. ३० लिटर पेट्रोल म्हणजे २२ किलोंच्या आसपास वजन, तेही गाडीच्या अगदी माथ्यावर; वाळवंटातील अजिंक्यवीरांना ते शोभते, कसारा घाट चढणाऱ्याला शोभत नाही. म्हणून कॅनची तजवीज टिकून राहिली. किंबहुना रॉयल एनफिल्डने २०१६ साली ‘हिमालयन’ बाजारात आणली तेव्हा तिची टाकी १५ लिटरांचीच ठेवली, आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकविता येतील असा लोखंडी सांगाडा तिला कारखान्यातूनच देऊन टाकला.

आता लडाखच्या छोट्या कॅनचा मूळ नमुना जो २० लिटरी जेरीकॅन, त्याकडे निरखून पाहावे. त्याला मुठी तीन आहेत: भरलेला कॅन एकट्याने मधल्या मुठीने उचलावा, दोघांनी मिळून न्यावयाचा असल्यास बाहेरच्या दोन मुठी धराव्यात, आणि रिकामे कॅन असतील तर त्याच बाहेरच्या मुठींनी एका हातात दोन न्यावेत. झाकण आटे फिरवून बसवावयाचे नसून तरफेच्या एका दाबाने घट्ट बसते व तसेच उघडते, म्हणून हत्यार लागत नाही. तोंडाशी हवा आत घेणारी एक बारीक नळी असल्यामुळे ओतताना धार तुटत नाही. मुठींखालच्या उंचवट्यात हवा कोंडलेली राहात असल्याने भरलेला कॅनदेखील पाण्यावर तरंगतो. अंगावरची फुली शोभेची नाही. पत्र्याला ताठपणा देणे आणि उन्हाने आतले पेट्रोल प्रसरण पावले असता अंग किंचित फुगू देणे, ही दोन कामे ती करते. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची कड. पत्र्याची दोन दाबीव अर्धुके, करंजीची कड जुळवावी तशी मध्यभागी जुळवून, सबंध परिघाने वेल्डिंग केलेली असतात. डाख नाही, घडी घालून ठोकलेला सांधा नाही.

हा कॅन जन्मला कोठे? पाठ्यपुस्तकी उत्तर असे, की जर्मनीतील श्वेल्म या गावच्या म्युलर नामक कारखान्याचा मुख्य अभियंता व्हिन्त्सेन्झ ग्र्यूनफोगेल याने तो १९३७ साली जर्मन सैन्यासाठी रेखाटला. परंतु याच आकृतीच्या, स्पेनच्या यादवी युद्धात वापरल्या गेलेल्या कॅनवर बर्लिनच्या ‘अंबी-बड’ या पत्रा दाबण्याच्या कारखान्याची मोहोर आढळते, आणि ते युद्ध १९३६ साली सुरू झाले. श्वेल्मचे पक्षपाती म्हणतात, मोहोर ही बनविणाऱ्याची असते, कल्पना काढणाऱ्याची नव्हे; आणि त्यांचे म्हणणे न्यायाचे आहे. तथापि या अंबी-बडच्या नावाची फोड केली की एक मौज निदर्शनास येते. ‘अंबी’ ही आर्थर म्युलर नावाच्या उद्योगपतीच्या कंपनीची आद्याक्षरे. म्हणजे म्युलर येथेही आहेतच. एक श्वेल्मचा, एक बर्लिनचा, परस्परांशी काही नाते नसलेले हे दोन म्युलर. जेरीकॅनच्या पितृत्वाचा निम्मा घोळ या नामसादृश्याने घातला असावा, असे माझे अनुमान आहे, आणि ते मी सहजासहजी सोडणार नाही.

‘बड’ हा उत्तरार्ध तर अधिकच बोलका आहे. एडवर्ड बड या अमेरिकन गृहस्थाने १९१२ साली फिलाडेल्फियात कारखाना काढला, आणि लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकण्याची चाल मोडून मोटारीचे अंग सबंध दाबीव पोलादाचे, वेल्डिंगने जोडलेले करावयाचे तंत्र रूढ केले. या विद्येची एक शाखा १९२६ साली इंग्लंडात ऑक्सफर्डनजीक निघाली, आणि त्याच सुमारास दुसरी बर्लिनला आर्थर म्युलरच्या कंपनीशी भागीदारीने. पुढे जर्मन सैन्याच्या क्यूबेलव्हागन मोटारींची अंगे याच बर्लिनच्या कारखान्यात दाबली गेली. म्हणजे जेरीकॅन हे भांड्यांच्या वंशातले भांडे नव्हेच. ती मोटारीच्या कुळातली, आकाराने लहान अशी एक पोलादी काया आहे. रेखांकन श्वेल्मचे असेल, तरी हात फिलाडेल्फियाच्या घराण्याचा आहे, हे माझे मत.

आणि येथेच ती विलक्षण गोष्ट येते. मोटारसायकलीची टाकीही याच कुळातली आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोटारसायकलीची टाकी म्हणजे चौकटीच्या दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये लटकाविलेली, पत्र्याची, डाख दिलेली सपाट पेटी असे. त्या दशकाच्या अखेरीस ती जाऊन नळीवर खोगिरासारखी बसणारी गोलसर टाकी आली, आणि कालांतराने ती दाबीव पत्र्याच्या अर्धुकांची, कडेने वेल्डिंग केलेली होऊ लागली. आजही बहुतेक लोखंडी टाक्यांच्या खालच्या अंगाने बोट फिरविले, तर ती कड बोटाला लागते. डाखेच्या पेटीकडून वेल्डिंगच्या कायेकडे हा जो प्रवास टाकीने केला, तोच काही वर्षांनी इंधनाच्या डब्याने केला. लडाखचा स्वार टाकीशेजारी जो कॅन बांधतो, तो तिचा चुलतभाऊच होय.

डाखेच्या जुन्या घराण्याशी आपला परिचय अधिक निकटचा आहे, कारण त्याचा मूळपुरुष म्हणजे घासलेटचा डबा. अमेरिकेचे रॉकेल आशियात येई ते पाच अमेरिकन गॅलनांच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरांच्या दोन चौकोनी डब्यांची एक लाकडी खोकी, या मापाने. मार्कस सॅम्युएल या लंडनच्या व्यापाऱ्याने १८९२ साली ‘म्युरेक्स’ नावाच्या जहाजाने सुएझमार्गे सुटे रशियन तेल पूर्वेकडे आणले, ते स्वस्तही विकले, परंतु गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा असतो हे त्याला मागाहून उमगले. स्टँडर्ड ऑइलचे डबे निळे, म्हणून त्याने आपले तांबडे करविले. त्या रिकाम्या डब्यांनी आमच्याकडे पाणी वाहिले, धान्य साठविले, छपरे शाकारली. इंग्रज सैन्याने पेट्रोलसाठी जो चार गॅलनांचा पातळ पत्र्याचा डबा पत्करला, तो याच घराण्याचा दरिद्री वंशज होय. सैनिक त्याला ‘फ्लिम्झी’, म्हणजे तकलादू म्हणत. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात त्याची इतकी गळती झाली की तळापासून आघाडीपर्यंत तीस टक्के इंधन वाटेतच नाहीसे होते, असा अदमास खुद्द सेनापती ऑकिन्लेक यांनी केला होता. रिकामा डबा कापून, त्यात वाळू व पेट्रोल घालून चहा उकळण्यास मात्र तो उत्तम असे.

जर्मन कॅनचे रहस्य दोस्त राष्ट्रांच्या हाती कसे लागले, याविषयी दोन हकीकती आहेत. पहिलीत हिंदुस्थान येतो, म्हणून मी तीवर रेंगाळणार. रिचर्ड डॅनियल या अमेरिकन लेखकाने सांगितल्याप्रमाणे, बर्लिनमध्ये काम करीत असलेला पॉल प्लाइस हा अमेरिकन अभियंता १९३९ च्या उन्हाळ्यात एका जर्मन सहकाऱ्यासमवेत मोटारीने हिंदुस्थानास निघाला. गाडी सज्ज झाल्यावर लक्षात आले की अडीअडचणीसाठी पाण्याची सोयच केलेली नाही. तेव्हा सहकाऱ्याने टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून तीन कॅन उचलून आणले. अकरा देशांच्या सरहद्दी ओलांडून ही जोडी निम्मा हिंदुस्थान पार करून गेली असता जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोअरिंग याने विमान धाडून त्या जर्मनाला स्वदेशी बोलावून घेतले, आणि जाण्यापूर्वी त्याने कॅनचा सारा तपशील, मापांसकट, प्लाइसच्या स्वाधीन केला. तो एकटा कलकत्त्यास पोहोचला, गाडी तेथे ठेवून फिलाडेल्फियास परतला, आणि लष्करी अधिकाऱ्यांना सांगू लागला. पण नमुना कलकत्त्यात, तेव्हा ऐकतो कोण? १९४० साली गाडी आडवळणाने अमेरिकेत आणवून त्याने एक कॅन वॉशिंग्टनला रुजू केला. तेथून तो मेरिलंडमधील होलाबर्ड छावणीत गेला, आणि तेथील तज्ज्ञांनी आकार, माप व मुठी ठेवून वेल्डिंगची कड काढून टाकली, आतला लेप वगळला, आणि तरफेच्या जागी आट्यांचे झाकण बसविले. अस्सलची इतकी निष्ठापूर्वक नासाडी केलेली नक्कल क्वचितच पाहावयास मिळते.

दुसरी हकीकत इंग्रजांची: त्यांना हा कॅन १९४० साली नॉर्वेत हाती लागला, पुढे आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याकडून मुबलक मिळाला, आणि अखेर त्यांनी त्याची हुबेहूब नक्कल केली. परिणामाच्या दृष्टीने हीच हकीकत वजनदार आहे हे कबूल करावे लागते. रणांगणावरचा कॅन तिच्यातून आला, प्लाइसच्या कागदांतून नव्हे. परंतु कालक्रमाचा मान कलकत्त्याकडे राहतो. शिवाय प्लाइस फिलाडेल्फियाचा, काम बर्लिनला, आणि बर्लिनच्या ज्या कारखान्यात हे कॅन दाबले जात तो फिलाडेल्फियाच्याच बडचा भागीदार. हा निव्वळ योगायोग मानावयास मी तयार नाही. १९४५ च्या मेपर्यंत एकट्या अमेरिकन सैन्याची गरज १ कोटी ९० लाख कॅनांवर गेली होती.

नावाचाही वाद आहेच. ‘जेरी’ हे इंग्रज शिपायाने जर्मनाला दिलेले नाव. एक पक्ष म्हणतो, ‘जर्मन’ या शब्दाचेच ते लाडके रूप. दुसरा म्हणतो, इंग्रजीत जेरी म्हणजे शय्येखालचे मूत्रपात्र, आणि १९१६ साली जर्मनांनी डोक्यावर घेतलेले पोलादी शिरस्त्राण त्याच्यासारखे दिसे, म्हणून हे नाव. दुसरी व्युत्पत्ती अधिक गमतीची आहे आणि म्हणूनच अधिक संशयास्पद. इंग्रजीत कच्च्या, दिखाऊ बांधकामालाही जेरी हे विशेषण १९ व्या शतकापासून लावतात. काहींनी तोही धागा येथे ओढला आहे, परंतु ज्या वस्तूची कीर्तीच न गळण्याबद्दल आहे, तिला कच्चेपणाचे नाव कोण ठेवील? आणि आमचे ‘जेरीस येणे’ फारसी ‘झेर’ म्हणजे ‘खाली’ यावरून आलेले, त्याचा संबंध टांडीच्या पुढे कितीही पटला तरी शास्त्राला मान्य नाही.

मोटारसायकल आणि जेरीकॅन यांची गाठ लडाखात प्रथम पडली असे मात्र कोणी समजू नये. जर्मन सैन्याच्या बीएमडब्ल्यू आर ७५ या साइडकारवाल्या गाडीला २४ लिटरांची टाकी होती, आणि तेवढ्याने भागत नसे म्हणून साइडकारवर जेरीकॅन बांधलेला असे. चुलतभाऊ पहिल्यापासून एकत्र नांदत आले आहेत.

तेव्हा लडाखास निघालेल्या वाचकांना एवढेच सांगणे. आपल्याकडील १९३४ चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेले ३० लिटरांपर्यंतचे पेट्रोल परवान्यावाचून बाळगू देतो. परंतु भांड्याची नावे घेताना तो काच, चिनीमाती व धातू ही तीनच घेतो, काच व चिनीमातीला १ लिटरची आणि धातूला २५ लिटरांची मर्यादा घालतो. शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कॅन धातूचा, वेल्डिंगच्या कडेचा घ्यावा. गळ्यापर्यंत न भरता वर हवेला जागा ठेवावी. आणि पंपावर भरावयाचा असेल तेव्हा तो गाडीवरून सोडून जमिनीवर ठेवावा, गाडीवर बांधलेला असताना भरू नये.