मेटालिका नेमकी कधी विकली गेली?

मेटालिकाच्या चार जुन्या चाहत्यांना एकत्र बसवा आणि फक्त एवढंच विचारा, "हे लोक पैशासाठी नेमके कधी बदलले?" पुढचे दोन तास तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही. कुणी १९९१ म्हणेल, कुणी १९९६, आणि एखादा केस पिकलेला गृहस्थ थेट १९८४ वर अडून बसेल. प्रत्येकाकडे पुरावे तयार असतात आणि आवाज मात्र घरच्या वाटणीच्या भांडणात लागतो तसा लागलेला असतो. म्हटलं, या तारखा एकदा ओळीने मांडून बघाव्यात.

सुरुवात १९८१ सालची. लॉस एंजेलिसमध्ये लार्स उल्रिक आणि जेम्स हेटफिल्ड या दोन पोरांनी बँड काढला. १९८२ मध्ये त्यांनी 'नो लाइफ टिल लेदर' नावाची एक नमुन्याची कॅसेट केली. ती दुकानात विकायला नव्हती. ती पसरली चाहत्यांमुळे. एकाने दुसऱ्याला कॉपी करून द्यायची, दुसऱ्याने ती टपालाने तिसऱ्याला धाडायची. रेडिओवर न लागणारं, कमालीचं वेगवान, कर्कश संगीत असं हातोहात फिरत होतं. म्हणजे या बँडला मोठं करण्यात आपला वाटा आहे, ही जी चाहत्यांची भावना आहे ती काही हवेतली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला अल्बम 'किल 'एम ऑल' १९८३ चा. दुसरा, 'राइड द लाइटनिंग', १९८४ चा. या दुसऱ्यात 'फेड टू ब्लॅक' नावाचं एक गाणं आहे. सुरुवात संथ, साध्या अकूस्टिक गिटारवर. झालं! "मेटालिका मवाळ झाली, विकली गेली," ही ओरड तेव्हाच सुरू झाली. बँडचं वय तीन वर्षं आणि पोरं जेमतेम एकवीस वर्षांची. विकायला त्यांच्याकडे होतं तरी काय?

मग आला १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स'. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बासवादक क्लिफ बर्टन गेला. अनेक जुन्या चाहत्यांसाठी खरी मेटालिका तिथेच संपते. आणि खरं सांगायचं तर या तारखेशी वाद घालायला मन होत नाही. ती आरोपाची तारीख नाहीच, सुतकाची आहे.

१९८९ मध्ये 'वन' या गाण्याचा त्यांनी पहिला व्हिडिओ केला. तोवर व्हिडिओ करणार नाही असा त्यांचा बाणा होता, त्यामुळे काहींच्या लेखी ही पुढची फितुरी. वास्तविक तो व्हिडिओ युद्धात हातपाय, डोळे, वाचा सगळं गमावलेल्या सैनिकाचा आहे, 'जॉनी गॉट हिज गन' या १९७१ च्या चित्रपटातली दृश्यं घेऊन केलेला. बाजारात खपावं म्हणून असा विषय कुणी निवडेल असं वाटत नाही.

आणि मग १९९१. काळ्या मुखपृष्ठामुळे ज्याला सगळे 'ब्लॅक अल्बम' म्हणतात तो. आधीच्या अल्बमचं शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचं होतं. कार्यक्रमात ते वाजवताना पुढचे श्रोते जांभया द्यायला लागतात, हे गिटारवादक कर्क हॅमेटच्या लक्षात आलं होतं, असं त्याने नंतर सांगितलं आहे. त्यांनी बॉब रॉक हा नवा निर्माता घेतला, गाणी आखूड केली, वेग उतरवला. 'एंटर सँडमन' साडेपाच मिनिटांत आटोपतं. अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला आणि जगभरात त्याच्या तीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या. जुन्यांचा जळफळाट झाला. इतके दिवस जे आपल्या टोळक्याचं होतं, ते आता वर्गातला चिकणाचुपडा पोरगाही गुणगुणतोय!

इथे माझा संबंध येतो. त्याच १९९१ मध्ये स्टार टीव्हीवरून एमटीव्ही आपल्याकडे दिसायला लागला होता. आमच्या पिढीतल्या अनेकांना मेटालिका भेटली ती अशी, केबलच्या मुंग्या आलेल्या पडद्यावर. अमेरिकेतल्या जुन्या चाहत्याला जिथे दार बंद होताना दिसलं, तिथूनच आम्ही आत आलो. मी 'मास्टर ऑफ पपेट्स'पर्यंत पोचलो तो 'ब्लॅक अल्बम'मधून उलटा चालत. तो अल्बम कमी खपता, तर आमच्या चाळीत कुणाला या बँडचं नाव कळलं असतं का, शंकाच आहे.

गंमत अशी की १९९६ मध्ये 'लोड' आला, या मंडळींनी केस कापले, आणि त्या वेळी "संपलं सगळं" म्हणणाऱ्यांत आमची पिढी सगळ्यात पुढे होती. म्हणजे हिशेब सोपा आहे. जो ज्या दारातून आत आला, त्याच्यासाठी बँड त्याच्यानंतरच्या दाराशी विकला गेला.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्याच तक्रारी खोट्या का? नाही. माझ्या मते इथे दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करायला हव्यात. "आता हे सगळ्यांनाच आवडतं," ही गर्दीची तक्रार झाली. तिचा संगीताशी काही संबंध नाही. पण "हे नीट वाजत नाही," ही कानाची तक्रार. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'चा आवाज इतका दाबून मोठा केला होता की तो फाटल्यासारखा ऐकू येत होता. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी जास्त मोकळी, स्वच्छ ऐकू येतात हे चाहत्यांनीच शोधलं, आणि हजारोंनी सह्या करून अल्बम पुन्हा नीट मिसळून द्या म्हणून मागणी केली. ही मागणी रास्त होती. २००३ च्या 'सेंट अँगर'मधला पत्र्याच्या डब्यासारखा ड्रमही मला आजतागायत सोसलेला नाही, आणि तो सोसायला हवा असंही मला वाटत नाही.

तिसरी तक्रार मात्र सगळ्यात जिव्हारी लागणारी आहे. एप्रिल २००० मध्ये बँडने नॅपस्टरवर खटला भरला. त्यांचं एक अपुरं गाणं नॅपस्टरवर फिरून रेडिओपर्यंत पोचलं होतं, तेव्हा राग समजण्यासारखा होता. पण मे महिन्यात लार्स उल्रिक गाणी वाटून घेणाऱ्या तीन लाखांवर लोकांची यादी घेऊन कंपनीच्या दाराशी गेला. त्या यादीत त्यांचेच चाहते होते. आता ती १९८२ ची कॅसेट आठवा. कायद्याने लार्सचं बरोबर होतं, आणि हातोहात कॉपी करणं व जगभर लाखो प्रती फुकट पसरणं यांत फरक आहे, हेही मान्य. पण ज्यांनी एकेकाळी टपालखर्च सोसून तुम्हाला पोचवलं, त्यांच्याशी बोलायची ही रीत नव्हे. माझ्या लेखी जुन्या चाहत्याला खरोखर दुखावलं ते इथे, आणि त्याचा ना केसांशी संबंध, ना संथ गाण्यांशी.

२०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजलं आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा नवा लोंढा आला. जुने लगेच नाकं मुरडायला लागले, की मालिका बघून आलेले हे कसले चाहते! तेव्हा बँडनेच जाहीरपणे सांगितलं, की सगळ्यांचं स्वागत आहे. साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या त्या माणसांना, कोण कुठल्या दारातून आला हे विचारायचं नसतं, एवढं कळलेलं दिसलं.

असो. त्या पोरांनी आता २०२३ चा '७२ सीझन्स'ही ऐकला असेल. पुढचा अल्बम येऊ द्या, "पूर्वीची मजा राहिली नाही" असं म्हणायला तीही तयार होतील. म्हणू द्यावं. फक्त ते कानाने ठरवून म्हणतात की गर्दीकडे बघून, एवढं त्यांना एकदा विचारावं. आणि हो, आपणही स्वतःला.