एक तार, अनेक यंत्रे: घरगुती इंटरनेटच्या वाटणीचा इतिहास

किन्हीराजा हे वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव. अशा गावातील एखाद्या घरी संगणकापर्यंत एकच तार येते आणि त्या संगणकावरून घरातील इतर यंत्रांना वायफायने इंटरनेट दिले जाते, ही व्यवस्था आज साधी वाटते. परंतु तिच्या मुळाशी तीन स्वतंत्र घटना आहेत: पत्त्याची वाटणी, हवेची मोकळीक आणि कुलपाची सिद्धता. त्या कोणत्या क्रमाने घडल्या हे पाहणे अगत्याचे आहे. कारण कुलूप सर्वांत शेवटी आले आणि त्याचे मोल महाराष्ट्राने मोजले.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. तेव्हा एक दूरध्वनी, एक मोडेम व एक संगणक असाच हिशेब होता. इंटरनेटच्या तत्कालीन रचनेत एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते अपुरे पडणार हे जाणकारांनी आधीच ओळखले होते. १९९४ साली पत्ता-रूपांतराची पद्धती प्रसिद्ध झाली. तीत तारेशी जोडलेला संगणक घरातील इतर यंत्रांना खाजगी पत्ते देतो, त्यांची प्रत्येक मागणी आपल्या एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर पाठवितो, आणि कोणती मागणी कोणाची याची नोंद ठेवून उत्तर ज्याचे त्याला पोचवितो. १९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय अंतर्भूत झाली, आणि नेटवर्कचे विशेष ज्ञान नसलेल्या गृहस्थासही ती साध्य झाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. बाहेरच्या जगाला त्या घरातील सर्व यंत्रे एकच दिसतात. वाटणी शक्य झाली ती ओळखी एकत्र करूनच.

दुसरी घटना हवेची. बिनतारी जोडणीचे प्रमाण १९९७ मध्ये ठरले. भारतात मात्र १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने अशी उपकरणे परवान्याच्या कक्षेत होती. जानेवारी २००५ मध्ये केंद्र शासनाने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीची उपकरणे परवानामुक्त केली. त्याच महिन्यात भारत संचार निगमाची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. तार वेगवान झाली आणि हवा मोकळी झाली, ती जवळजवळ एकाच वेळी.

कुलपाची कथा निराळी. डब्ल्यू.ई.पी. हे पहिले कुलूप १९९७ च्या प्रमाणातच होते. परंतु २००१ साली फ्लुरर, मांटिन व शमीर यांनी त्याची किल्ली केवळ हवेतील संदेश ऐकून काढता येते हे दाखविले. २००३ मध्ये डब्ल्यू.पी.ए. आणि २००४ मध्ये त्याची दुसरी, अधिक भक्कम आवृत्ती आली. तथापि ज्या गृहस्थाने संगणकालाच प्रक्षेपक केले होते, त्याला विंडोज एक्सपीच्या काळात व्यवहारतः जुन्याच कुलपावर विसंबावे लागे. संगणकावरून होणाऱ्या वाटणीस नवे कुलूप सुलभपणे लाभले ते त्यानंतरच्या विंडोज आवृत्त्यांमध्ये. शिवाय अनेक घरी मुळात कुलूपच लावलेले नसे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बाँबस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल पोचला होता. त्याचा पत्ता नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराचा निघाला. घरातील वायफाय उघडे होते. त्याचा उपयोग परक्याने केला होता. तेथील रहिवाशास चौकशीस तोंड द्यावे लागले; पुढे त्याचा कटाशी संबंध नसल्याचे निष्पन्न झाले. ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये माटुंगा आणि चेंबूर येथील जोडण्यांचाही असाच गैरवापर झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराविषयी सेवादात्यांना सूचना दिल्या.

या प्रकरणाचा उलगडा पत्ता-रूपांतराच्या मूळ स्वरूपातच आहे. ओळखी एकत्र केल्यामुळे वाटणी साधली. परंतु त्यामुळेच, दार उघडे असेल तर, परक्याची कृती यजमानाच्या नावावर जमा होते. म्हणून कुलूप हे केवळ आपली माहिती झाकण्याचे साधन नव्हे. आपल्या नावावर काय घडावे याची ती मर्यादा होय. डब्ल्यू.पी.ए.ची दुसरी किंवा २०१८ साली जाहीर झालेली तिसरी आवृत्ती निवडणे, लांब व अंदाजास न येणारा पासवर्ड ठेवणे आणि पाहुण्यास दिलेला पासवर्ड कालांतराने बदलणे, एवढे पथ्य पुरेसे उपयुक्त आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मान्यता दिली. तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली. जेथे तार उशिरा पोचते तेथे एका तारेवर अवलंबून राहणारी माणसे अधिक असतात. शहराने २००८ साली जो धडा अनुभवाने घेतला, तो किन्हीराजासारख्या गावांना इतिहासातूनच घेता येण्याजोगा आहे.