उत्तरे नसलेले पुस्तक : होशंगाबादची तीस वर्षे

पाठ्यपुस्तक ही सर्वाधिक वाचली जाणारी आणि समीक्षेने सर्वांत कमी दखल घेतलेली संहिता आहे. तिचा लेखक बहुधा एक समिती असते, वाचक सक्तीचा असतो आणि तिच्यातली महत्त्वाची वाक्ये ‘असे म्हणतात’ या कर्ता हरवलेल्या क्रियापदाने संपतात. कोण म्हणतात आणि कशावरून म्हणतात, हे विचारण्याची सोय त्या वाक्यात नसते. मध्य प्रदेशातील एका जिल्ह्यात 1972 ते 2002 या काळात ही सोय सरकारी शाळांच्या पुस्तकातच करण्यात आली होती. ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयत्नाकडे विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक वळतात. भाषा-साहित्याचे अभ्यासक फारसे वळत नाहीत. आम्हांला मात्र तो मुळात एका संहितेचा इतिहास वाटतो.

आरंभ दोन लहान संस्थांनी केला. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून नर्मदेच्या खोऱ्यात गेले आणि तेथे त्यांनी ‘किशोर भारती’ उभी केली. होशंगाबादजवळ रसूलिया येथे क्वेकर परंपरेतले ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ आधीपासून होते. या दोघांनी राज्य शासनाकडे एक साधी परवानगी मागितली: जिल्ह्यातील 16 सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवू द्यावे. परवानगी मिळाली. स्वतःच्या शाळा काढण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही, आहेत त्याच शाळांत, आहेत त्याच शिक्षकांसह काम करायचे ठरवले. पुढच्या साऱ्या घडामोडींचे बीज, यशाचेही आणि शेवटाचेही, या एका निर्णयात आहे.

वर्षभरातच दिल्ली विद्यापीठातील अध्यापकांचा गट येऊन मिळाला. टाटा संस्थेतील आणि अन्य ठिकाणचे वैज्ञानिकही येत राहिले. प्राध्यापकाने खेड्यातल्या सहावीच्या वर्गात जाऊन बसणे हे विद्यापीठीय काम मानावे काय, हा प्रश्न तेव्हा नवा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला मान्यता दिली, ही गोष्ट आमच्या मते या इतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही. विद्यापीठे एरवी शाळांशी प्रवेशपरीक्षेच्या खिडकीतून बोलतात.

या सहवासातून जे पुस्तक घडले, ते ‘बाल वैज्ञानिक’. त्यात व्याख्या आधी येत नव्हती. प्रयोग कसा करायचा ते सांगून पुस्तक प्रश्न विचारी आणि थांबे. उत्तर छापलेले नसे. ते चार-चार मुलांच्या टोळीने करून, पाहून, भांडून आपल्या वहीत लिहायचे. म्हणजे प्रत्येक मुलाची वही हाच पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग. वाचकाने संहिता पूर्ण करावी, हा विचार आपण परिसंवादांत मोठ्या गांभीर्याने मांडतो. येथे तो पत्र्याच्या छपराखाली अमलात येत होता. परीक्षाही त्याला धरूनच होती. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा, आणि जोडीला प्रयोगाची परीक्षा. पाठांतराला त्यात जागाच उरली नाही.

या पुस्तकाला एक पात्रही होते. त्याचे नाव सवालीराम. मुलांनी मनात येईल तो प्रश्न त्याला पत्राने विचारायचा आणि त्याच्या नावे उत्तर जायचे. शाळेच्या पुस्तकाला पत्ता असणे, आणि त्या पत्त्यावरून उलटटपाल येणे, ही कल्पनाच आम्हांला विलक्षण वाटते.

मात्र पुस्तक विद्वानांनी लिहिले आणि शिक्षकांनी राबवले, अशी ही वाटणी नव्हती. उन्हाळ्यात शिक्षकांचे प्रदीर्घ प्रशिक्षण होई. त्यात शिक्षक स्वतः प्रयोग करीत, फसत आणि प्राध्यापकांशी वाद घालीत. नंतर दर महिन्याला गोष्ठी. कोणता प्रयोग वर्गात बिनसला, कोणते वाक्य मुलांना कळले नाही, हे तेथून लेखकांकडे परत जाई आणि पुढील आवृत्ती बदले. शिक्षकांसाठी ‘होशंगाबाद विज्ञान’ नावाची पत्रिका निघत असे. साहित्यही असेच गावाच्या आवाक्यात आणले गेले. पुण्याच्या टेल्कोतील अभियंता अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन येथे आले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. त्याच वर्षी कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे 200 हून अधिक ठिकाणी गेला. 1982 मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने धुरा घेतली. काम अन्य जिल्ह्यांतही पोचले. अखेरच्या काळात शाळांची संख्या 1000 च्या आसपास होती.

महाराष्ट्रात याच दशकात भाषेचा प्रश्न अधिक थेटपणे हाताळला गेला. मुंबईत 1974 मध्ये निघालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे, तेथील जनता शिक्षण मंडळाच्या साहाय्याने, ग्रामीण शाळांत काम केले. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, मुले अडतात ती पुष्कळदा विज्ञानापाशी नव्हे, तर विज्ञानाच्या ग्रांथिक मराठीपाशी. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली, तर आकलन सुधारते. मराठी परिभाषेचा आपला वाद शुद्ध-अशुद्धाभोवती फिरत राहिला. वर्गातल्या पुराव्याची ही बाजू त्यात क्वचितच आली, हे मराठीच्या प्राध्यापकांना भूषणावह नाही.

आता शेवट. होशंगाबादच्या जिल्हा नियोजन समितीने कार्यक्रम बंद करावा अशी शिफारस केली, आणि 2002 च्या जुलैमध्ये राज्य शासनाने तो बंद केला. आक्षेप असा होता की, बाकी राज्यात एक पुस्तक असताना आमच्याच मुलांवर प्रयोग का? पुढे बोर्डाच्या परीक्षेत ती मागे पडणार नाहीत काय? देशभरातील वैज्ञानिकांनी व शिक्षणतज्ज्ञांनी विरोध नोंदवला, शिक्षकही उभे राहिले. निर्णय फिरला नाही.

या निर्णयाला केवळ राजकारण म्हणून निकालात काढणे आम्हांला पटत नाही. विद्यापीठ आणि शिक्षक यांच्यात जो संवाद तीस वर्षे चालला, तो पालकांपर्यंत तितकासा पोचला नव्हता. ज्या बापाला स्वतःला शाळा मिळाली नाही, त्याला मुलाच्या हाती उत्तरे नसलेले पुस्तक पाहून धास्ती वाटणे स्वाभाविक होते. त्या धास्तीला कोणी मासिक गोष्ठी भरवली नाही. गंमत अशी की, ‘समाज’ या नावाने जिची बाजू घ्यावी अशी स्थानिक प्रतिनिधींची समितीच कार्यक्रमाच्या विरोधात गेली. आणि दुसरीकडे हेही खरे की, आरंभी मिळाली होती ती परवानगीच. परवानगी देणारा हात ती काढूनही घेऊ शकतो. स्वतःच्या शाळा काढल्या असत्या तर त्या आजही चालल्या असत्या, पण मग त्या आणखी चार-दोन चांगल्या खासगी शाळा ठरल्या असत्या.

त्यानंतर त्या शाळांत राज्याचे सर्वसाधारण विज्ञानाचे पुस्तक लागू झाले. होशंगाबादचे नावही 2022 मध्ये बदलून नर्मदापुरम झाले. सुशील जोशी यांनी या तीस वर्षांचा सविस्तर इतिहास हिंदीत लिहिला आहे. तो अद्याप कोणा मराठी वाङ्मयीन नियतकालिकाने परीक्षणासाठी उचललेला आमच्या पाहण्यात नाही.