धुक्यासाठी वेगळा दिवा

करमाळा तालुक्यातले केम महाराष्ट्राला माहीत आहे ते कुंकवासाठी. गावात पिढ्यान्‌पिढ्या कुंकू तयार होत आले आणि पंढरपूरच्या पेठेपासून परराज्यांपर्यंत विकले गेले. माणदेशाइतक्याच कोरड्या या मुलखातल्या गावाला एवढ्या लांबच्या बाजाराशी जोडले ते रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने डिकसळ ते बार्शी रोड हा टप्पा 23 ऑक्टोबर 1859 रोजी खुला केला. बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी, आणि केम याच टप्प्यावर येते. तोवर बोरघाटातले काम पुरे व्हायचे होते. घाटातून आगगाडी धावू लागली 1863 मध्ये. म्हणजे सुमारे साडेतीन वर्षे या भागात रूळ होते, इंजिन होते, पण मुंबईकडे निघालेल्या माणसाला खंडाळ्याला उतरून घाट रस्त्याने पार करावा लागे.

या गावाच्या आसपास रात्रीच्या वाहतुकीचा सगळा इतिहास एकावर एक थरांनी साचलेला आहे. बैलगाडी, आगगाडी, एसटी, उसाची ट्रॉली आणि आता पुढे पिवळेधमक दिवे लावून सुसाट जाणारी चारचाकी. प्रत्येकीला अंधार वेगळा आणि धुके वेगळे सोसावे लागले. अंधाराला दिवा हे उत्तर सगळ्यांना लगेच सुचले. धुक्याला काय करायचे, हे मात्र प्रत्येकीला नव्याने शिकावे लागले.

सर्वांत आधी शिकली ती रेल्वे.

सिग्नलच्या खांबावर तेलाचा दिवा, त्यापुढे रंगीत काच, आणि रोज शिडीने वर चढून तो दिवा पुसणारा, वात कापणारा, तेल भरणारा लँपमन, ही व्यवस्था अनेक दशके चालली. स्वच्छ रात्री तो दिवा ड्रायव्हरला लांबून दिसे. धुके पडले की तोच दिवा इंजिन अगदी जवळ येईपर्यंत दिसत नसे, आणि भरधाव गाडीला तेवढ्यात थांबता येत नाही. दिवा मोठा करून भागत नाही, हे इंग्लंडातल्या रेल्वे कंपन्यांच्या लवकर लक्षात आले होते. 1841 मध्ये एडवर्ड आल्फ्रेड कूपर या इंजिनिअरने रुळावर बसवायचा छोटा फटाका काढला. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की मोठा बार होतो आणि पुढे सिग्नल आहे हे ड्रायव्हरला कानाने कळते. डोळा जिथे हरतो तिथे कानाला कामाला लावायचे, अशी ही युक्ती.

भारतीय रेल्वेने ती उचलली आणि नियमांत बांधून टाकली. स्टेशन मास्तरला ठरावीक जागेवरून 180 मीटरवरची खूण दिसेनाशी झाली की धुके पडले असे धरायचे. मग माणूस पाठवायचा, त्याने सिग्नलच्या 270 मीटर अलीकडे एकमेकांपासून 10 मीटर अंतरावर दोन फटाके रुळावर बसवायचे. ऐन थंडीत, पहाटे, काहीही दिसत नसताना रुळावरून चालत जाऊन हे काम करणाऱ्या गँगमन आणि पॉइंट्समनांची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. ती असायला हवी. उत्तर हिंदुस्थानातल्या मार्गांवर हे काम हिवाळाभर चालते. सोलापूरकडे धुक्याचे दिवस कमी, पण नियम तोच. अलीकडे इंजिनात जीपीएसवर चालणारे यंत्र ठेवतात आणि पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते ड्रायव्हरला आधीच समजते. साधन बदलले, मूळ विचार तोच राहिला. धुक्यासाठी नेहमीच्या दिव्यावर विसंबायचे नाही, वेगळी सोय ठेवायची.

रस्त्यावर मात्र हा विचार यायला बराच काळ जावा लागला.

बैलगाडीचा कंदील सगळ्यांनी पाहिलेला असतो, निदान जुन्या चित्रपटांत तरी. तो बहुधा गाडीच्या खाली, आखाजवळ टांगलेला असे. गाडीवानाला वाट दाखवायला त्याचा उपयोग थोडाच होता. वाट बैलांना पाठ असे, आणि गाडीवान पुष्कळदा झोपलेलाच असे. कंदील होता तो समोरून किंवा मागून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून. खाली टांगल्यामुळे उजेड चाकांवर, बैलांच्या पायांवर आणि रस्त्यावर पडे, कुणाच्या डोळ्यांत जात नसे. महाराष्ट्रात हे कंदील पुढे इथलेच झाले. कराडजवळ ओगलेवाडीला 1916 मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला, आणि घरातून निघून गाड्यांखालीही लटकला. आज रस्त्यावरच्या दिव्यांचे जे शास्त्र सांगितले जाते त्यातली दोन तत्त्वे या कंदिलाने आपोआप पाळली होती. एक, दिवा जमिनीलगत असावा. दोन, पाहण्यासाठीचा दिवा आणि दिसण्यासाठीचा दिवा ही दोन निरनिराळी कामे आहेत.

मोटार आली आणि वेगामुळे पहिले काम मोठे झाले. सुरुवातीच्या मोटारींना आणि सायकलींना कार्बाइडची बत्ती असे. कार्बाइडवर पाणी ठिबकले की गॅस निघे आणि तो पेटवला जाई. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅकने स्टार्टर आणि दिवे दोन्ही विजेवर चालणारी गाडी आणली, पाठोपाठ जर्मनीत बॉशने डायनॅमो आणि दिव्यांचा पूर्ण संच बाजारात आणला, आणि दिव्यांची ताकद झपाट्याने वाढली. हिंदुस्थानात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा 1914 चा, मग 1939 चा आणि आजचा 1988 चा. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस सुटली, आणि पुढे हेडलाइट नावाची वस्तू महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांनी रोज रात्री पाहायला सुरुवात केली. समोरची गाडी दिसली की प्रकाश खाली करायचा, ती गेली की वर. ट्रकवाल्यांची ‘अप्पर-डिप्पर’ची भाषा त्यातूनच आली.

पण या ताकदवान दिव्याला धुके पेलत नाही. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. हवामानशास्त्र एक किलोमीटरच्या आत दृश्यता आली की त्याला धुके म्हणते. हेडलाइटचा झोत, त्यातही अप्पर, या थेंबांवर आदळून चहूकडे पसरतो आणि त्यातला बराचसा चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेड जेवढा वाढवावा तेवढी ती भिंत घट्ट होते.

त्यावर तोडगा निघाला तो युरोपात, दोन महायुद्धांच्या दरम्यान. बंपरच्या आसपास किंवा त्याखाली बसवलेला वेगळा दिवा, म्हणजे फॉग लाइट. त्याच्या झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी सपाट, आणि पसारा डावी-उजवीकडे रुंद. डोळ्यांच्या पातळीवरच्या धुक्यात त्याचा उजेड जातच नाही. तो रस्त्याच्या पृष्ठभागावर, कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आणि साइडपट्टीच्या मातीवर पडतो. तो लांबचे दाखवत नाही, दाखवायचेही नसते. सावकाश जाणाऱ्याला रस्त्याची कड सापडावी, एवढेच त्याचे काम. हेच काम बैलगाडीच्या कंदिलाने आपल्या परीने केले होते.

त्या काळात हा दिवा पिवळा असावा अशी समजूत दृढ झाली. फ्रान्सने तर 1930 च्या दशकात सगळ्याच गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे केले आणि ही सक्ती 1993 पर्यंत टिकली. पिवळा रंग धुके भेदतो हे मात्र खरे नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखरतात. पिवळ्या उजेडाने डोळे कमी दिपतात असे अनेक चालक सांगतात, ते समजण्यासारखे आहे. पण धुक्यात खरे काम करते ती दिव्याची उंची आणि झोताची कापलेली कड.

आणि काम करते त्याची वेगळी कळ. हा मुद्दा फारसा बोलला जात नाही, पण फॉग लाइटचा सगळा अर्थ त्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालेला 48 क्रमांकाचा नियम, ज्याच्या धर्तीवर भारताचे एआयएस-008 हे मानकही बेतलेले आहे, स्पष्ट सांगतो की पुढचा फॉग लाइट हेडलाइटच्या अप्पर आणि डिपरपासून स्वतंत्रपणे चालू-बंद करता आला पाहिजे. कारण दाट धुक्यात हेडलाइटच अडचण होऊन बसतो. त्याच्याशी बांधलेला फॉग लाइट म्हणजे चालकाचा पर्याय काढून घेणे. पण हे स्वातंत्र्य पूर्ण मोकळे नाही. पार्किंग लाइट, मागचे लाल दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा लागल्याखेरीज फॉग लाइट लागू नये, असेही तोच नियम म्हणतो. चालकाला पुढचे दिसायला हवेच, पण त्याआधी तो मागच्याला दिसला पाहिजे.

मागच्या फॉग लाइटची अट उलट बाजूने घातलेली आहे. तो प्रखर लाल दिवा एकटा लावता येत नाही; हेडलाइट किंवा पुढचा फॉग लाइट लागलेला असेल तरच तो लागतो. बंद मात्र एकटा करता येतो. शिवाय ब्रेकच्या दिव्यापासून तो 100 मिलिमीटरहून जास्त दूर हवा, म्हणजे मागच्या चालकाला ब्रेक लागला की नाही यात गफलत होत नाही. अमेरिकेत वेगळी वाट पडली. तिथल्या बऱ्याच गाड्यांत फॉग लाइट डिपरबरोबरच लागतो आणि अप्पर लावला की विझतो. ही वायरिंग बदलून स्वतंत्र स्विच बसवून घेण्याचा उद्योग तिथले हौशी मोटारवाले वर्षानुवर्षे करत आले आहेत.

आता पुन्हा करमाळ्याकडे. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि या तालुक्याचा भूगोल पालटला. पोमलवाडीकडचा रेल्वेचा जुना मार्ग पाण्यात गेला, रूळ दुसरीकडून न्यावे लागले. काठच्या गावांतून ऊस उभा राहिला, पुढे दहिगाव उपसा सिंचन योजनेने पाणी आणखी आत नेले. शेलगाव-भाळवणीला आदिनाथ, भिलारवाडीला मकाई, शेजारच्या माढा तालुक्यात पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे, असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. भिजलेली शेते, जलाशय आणि निरभ्र थंड रात्री एकत्र आल्या की पहाटे धुके धरते, आणि त्याचेही महिने हेच. ज्या महिन्यांत रस्त्यावर सर्वांत संथ आणि सर्वांत लांबरुंद वाहने असतात, त्याच महिन्यांत रस्ता सर्वांत कमी दिसतो.

उसाने भरलेली जोडट्रॉली पाठीमागून पाहिली तर वाढ्यांचा हिरवा-तपकिरी ढिगारा तेवढा दिसतो. ट्रॅक्टरचे दिवे पुढे असतात. ट्रॉलीचा मागचा दिवा असला तर त्याची वायर तुटलेली, नाहीतर काच उसाने झाकलेली. बैलांची टायरगाडी असेल तर तोही नाही. हंगाम सुरू झाला की आरटीओ, पोलीस आणि कारखाने मिळून मागे रिफ्लेक्टर आणि लाल कापडी पट्टे लावण्याची मोहीम घेतात. ती चांगलीच गोष्ट आहे. पण रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही, त्याला मागच्या गाडीचा उजेड परत फेकावा लागतो, आणि धुक्यात तो उजेड जाताना अर्धा हरवतो, येताना उरलेला. धुक्यात उपयोगी पडतो तो स्वतः पेटणारा लाल दिवा. आखाखालच्या कंदिलाचे काम अजून संपलेले नाही.

दुसरीकडे त्याच रस्त्यावर फॉग लाइट नको तिथे जळत असतात. तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजमध्ये रिले आणि वेगळ्या स्विचसह ‘फॉग’ बसवून मिळतात, बऱ्याचदा बंपरच्या खाली नव्हे तर वर, छतावर, एलईडी बारच्या रूपात. कापलेली कड नाही, खाली झुकवण्याची सोय नाही. स्वच्छ रात्रीही ते चालूच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम सांगतो की पुढचा प्रकाश असा खाली वळवलेला असावा की 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांची उंची. तो दिपला की त्याला पुढची ट्रॉली दिसत नाही. ब्रिटनमध्ये दृश्यता साधारण 100 मीटरच्या खाली गेली तरच फॉग लाइट लावायचे, आणि सुधारताच बंद करायचे असा दंडक आहे. जर्मनीत मागच्या फॉग लाइटला 50 मीटरची मर्यादा आहे, आणि तेवढे धुके असेल तर वेगही ताशी 50 किलोमीटरच्या वर नेता येत नाही. अंतर ठरवून दिले की चालकाच्या लहरीचा प्रश्न उरत नाही. रेल्वेने स्टेशन मास्तरला 180 मीटरची खूण दिली ती याच कारणाने.

रस्त्यावरही अशी खूण घालून देता येईल. करमाळा–कुर्डुवाडी पट्ट्यातल्या कारखान्यांनी पुढच्या हंगामाआधी दोन गोष्टी कराव्यात. ऊसतोडीच्या करारातच ट्रॉलीमागे बॅटरीवर चालणाऱ्या लाल दिव्याची अट घालावी आणि वजनकाट्यावर तो पेटतो की नाही हे तपासावे. आणि चारचाकी चालवणाऱ्यांनी धुके विरले की फॉग लाइटची कळ बंद करावी. ती वेगळी दिली आहे ती त्यासाठीच.